कुकरमध्ये केजन जंबलाया: आधी परतणं, मग शिट्टी

जंबलाया हा अमेरिकेतल्या दक्षिण लुईझियानाचा भात. मांस, सॉसेज, कांदा, ढोबळी मिरची, सेलरी आणि तांदूळ, सगळं एकाच भांड्यात. वरवर पाहता आपल्या पुलावाच्या कुळातला वाटतो, त्यामुळे मराठी स्वयंपाकघरात तो आला की लगेच कुकरकडे हात जातो. कुकरमध्ये तो होतोही आणि उत्तम होतो. पण बहुतेकदा सगळं एकदम कुकरात टाकून तीन शिट्ट्या काढल्या जातात आणि हाती येतो तो फिकट, ओलसर, तिखट भात. त्याला जंबलाया म्हणवत नाही. या पदार्थाचा सगळा जीव झाकण लावण्याआधीच्या चाळीस मिनिटांत आहे. कुकर भात शिजवून देतो, चव तुम्हालाच करून ठेवावी लागते.

जंबलायाचे ढोबळ दोन प्रकार आहेत. न्यू ऑर्लिन्सचा क्रिओल जंबलाया टोमॅटो घातलेला, लालसर. शहराबाहेर, पश्चिमेकडच्या गावांत आणि खाडीकाठी होणारा केजन जंबलाया तपकिरी, आणि त्यात टोमॅटो नसतो. केजन म्हणजे मूळचे अकेडियन, कॅनडातल्या आजच्या नोव्हा स्कोशिया भागात वसलेले फ्रेंच भाषक. इंग्रजांनी १७५५ पासून त्यांना तिथून हुसकावलं आणि त्यांच्यातले बरेच जण पुढच्या काही दशकांत लुईझियानात येऊन स्थिरावले. दलदलीच्या प्रदेशातलं त्यांचं जेवण साधं होतं: जे हाती लागेल ते मांस आणि त्या भागात पिकणारा तांदूळ. बॅटन रूज आणि न्यू ऑर्लिन्स यांच्या मधलं गॉन्झालेस हे गाव १९६८ पासून स्वतःला जंबलायाची जागतिक राजधानी म्हणवतं. तिथल्या वार्षिक स्पर्धेत आजही लाकडाच्या जाळावर बिडाच्या अजस्र कढया चढतात आणि चिकनचा तपकिरी जंबलाया होतो. हाच जंबलाया आपण कुकरमध्ये करणार आहोत.

तपकिरी रंग येतो कुठून

हे एकदा समजलं की बाकीची कृती आपोआप लक्षात राहते. मांस आणि कांदा कोरड्या, तापलेल्या तळाशी लागले की साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे त्यांच्यातली प्रथिनं आणि साखर यांची प्रक्रिया होऊन तो खमंग तपकिरी थर बनतो. झाकण लावलेल्या कुकरमध्ये वजनाच्या दाबाखाली पाणी साधारण १२० अंशांना उकळतं. तापमान तिथेच थांबतं आणि आत सगळं ओलं असतं. म्हणजे झाकण लागल्यावर चिकन शिजेल, तांदूळ शिजेल, पण रंग आणि खमंगपणा वाढणार नाही. उघड्या कढईत भात शिजताना पाणी आटतं आणि रस दाट होतो, कुकरमध्ये तेही होत नाही. जे काही दाट आणि गडद करायचं ते आधीच करून घ्यावं लागतं.

गॉन्झालेसच्या कढयांमध्ये तळाला धरलेला थर थोडं थोडं पाणी शिंपडून खरवडायचा, पुन्हा धरू द्यायचा, पुन्हा खरवडायचा, असं बराच वेळ चालतं. काही जण रंगासाठी चिमूटभर साखरही करपवतात. आपण साखरेच्या वाटेला जाणार नाही. कांद्याला वेळ दिला तर तिची गरज पडत नाही.

तांदूळ कोणता

लुईझियानात लांब दाण्याचा, शिजल्यावर मोकळा राहणारा तांदूळ वापरतात. क्राउली या गावाच्या आसपास तो मोठ्या प्रमाणावर पिकतो. तिथले शेतकरी भाताची कापणी झाली की तीच खाचरं पुन्हा पाण्याने भरून त्यात क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले छोट्या शेवंडीसारखे जीव, वाढवतात. गोव्यातल्या खाजन जमिनींमध्ये पावसाळ्यात भात आणि नंतर मासे-कोळंबी घेतात, त्याची आठवण व्हावी इतकं हे जवळचं आहे.

आपल्याकडे मिळणाऱ्या तांदळांत माझी पहिली पसंती सेला बासमतीला आहे. सेला म्हणजे साळीत असतानाच उकडून वाळवलेला. त्याचा दाणा कुकरचा दाब सोसतो, फुटत नाही, चिकटत नाही आणि रस पिऊनही मोकळा राहतो. अमेरिकेत राहत असाल तर पार्बॉइल्ड लाँग ग्रेन म्हणून जो तांदूळ मिळतो तो घ्या, लुईझियानातही पुष्कळ जण तोच वापरतात. साधा कच्चा बासमती चालतो, पण त्याचा स्वतःचा सुगंध धुरकट चवीच्या आड येतो आणि दाणा नाजूक असल्यामुळे मिनिटभर जास्त झालं तर मोडतो. आंबेमोहोर आणि इंद्रायणी यांचं मोल वेगळ्या भाताला आहे. मऊ, चिकट होणारा तांदूळ इथे घेऊ नका. कोकणातला जाड उकडा तांदूळ सेल्यासारखाच आधी उकडलेला असला तरी त्याला शिजायला बराच जास्त वेळ लागतो, तेवढ्या वेळात चिकनचा भुगा होईल.

साहित्य

चार ते पाच जणांसाठी, ५ लिटरचा कुकर. कप म्हणजे २४० मिलिलिटरचा, मोठा चमचा १५ आणि छोटा चमचा ५ मिलिलिटरचा.

- सेला बासमती २ कप
- चिकन, लेगचं बोनलेस, मोठे तुकडे, ५०० ग्रॅम
- धुरावलेलं सॉसेज २५० ग्रॅम
- कांदे ३०० ग्रॅम, म्हणजे ३ मध्यम
- हिरवी ढोबळी मिरची १५० ग्रॅम
- सेलरी १५० ग्रॅम, साधारण ३ दांडे
- लसूण ६ ते ८ पाकळ्या
- तेल २ मोठे चमचे
- चिकनचं पाणी म्हणजे स्टॉक, पावणेतीन कप
- कांद्याची पात अर्धी जुडी, थोडी पार्सली
- मीठ चवीप्रमाणे

मसाल्यासाठी: काश्मिरी लाल मिरची पूड २ छोटे चमचे, तिखट मिरची पूड अर्धा, काळी मिरी पूड पाऊण, पांढरी मिरी पूड पाव, लसूण पूड १, सुका थाइम पाऊण, ओरेगॅनो अर्धा छोटा चमचा. स्मोक्ड पाप्रिका मिळाली तर काश्मिरी मिरचीपैकी एक चमचा काढून तिच्या जागी ती घाला.

लाल, काळी आणि पांढरी अशा तीन तिखटांची जोड पॉल प्रुडोम यांच्या स्वयंपाकाची ओळख होती. लुईझियानातल्या ओपलूसस भागात १९४० साली जन्मलेल्या या आचाऱ्याने १९७९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला स्वतःचं रेस्टॉरंट काढलं आणि केजन जेवण अमेरिकाभर पोहोचवलं. तिन्ही तिखटं एकाच वेळी जाणवत नाहीत: लाल जिभेच्या टोकाला लगेच, मिऱ्या जरा मागाहून. म्हणून पांढरी मिरी थोडीशी असली तरी गाळू नका.

तयार केजन मसाला बाजारात मिळतो, पण त्यातल्या अनेकांत मीठ भरपूर असतं. पुडीवर घटकांच्या यादीत मीठ पहिलं असेल तर भातात वरून मीठ घालताना हात आखडता घ्या.

आता दोन सूचना, मनापासून. गरम मसाला, जिरं, धणे, हळद यांतलं काहीही घालू नका. आणि आपलं तमालपत्रही नको. लुईझियानात घालतात ते पान भूमध्य सागराकडच्या लॉरेलचं असतं. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, त्याचा वास भाताला थेट पुलावाकडे नेतो. लॉरेलचं पान मिळालं तर एक घाला, नाही तर तसंच राहू द्या.

सॉसेजबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण धुराची चव तिथूनच येते. मूळ सॉसेज आंडूई: जाडसर कापलेलं डुकराचं मांस, लसूण, मिरी, आणि मग भरपूर धूर. न्यू ऑर्लिन्सच्या वर मिसिसिपीकाठी असलेलं लाप्लास हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी मंडळींना आंडूई सहज मिळेल. मुंबई-पुण्यात कोल्ड स्टोरेजच्या दुकानात स्मोक्ड पोर्क किंवा स्मोक्ड चिकन सॉसेज मागा. साधं, पाणीदार चिकन सॉसेज घेतलं तर ते परतलंच जात नाही, नुसतं फुगतं. गोव्याची चोरिस अनेकांना सुचते. ती मला अतिशय प्रिय आहे, पण तिच्यातला व्हिनेगर आणि मसाला इतका ठळक असतो की पदार्थ गोव्याचाच होतो. चोरिसचा पुलाव स्वतंत्रपणे करावा असा आहे, त्याला जंबलायाचं नाव देऊ नये.

धुरावलेलं काहीच मिळालं नाही तर शेवटी कोळशाची धुरी द्या. भात तयार झाल्यावर मधोमध छोटी वाटी ठेवून पेटता निखारा, त्यावर अर्धा चमचा तेल, आणि झाकण दोनच मिनिटं. तूप घेऊ नका, त्याचा वास इथे वेगळा पडतो.

कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी हे त्रिकूट केजन स्वयंपाकाचा पाया आहे. तिथले लोक त्याला पवित्र त्रयी म्हणतात. कांदा दोन भाग, बाकी दोन्ही एकेक भाग. सेलरी मोठ्या भाजीबाजारात मिळते. ती नसेल तर ढोबळी मिरची थोडी वाढवा. कोथिंबिरीच्या काड्या तिच्या जागी घालू नका.

कृती

तांदूळ तीन-चार पाण्यांत धुऊन ३० मिनिटं भिजवा आणि नंतर रोळीत किमान १० मिनिटं निथळत ठेवा. निथळणं महत्त्वाचं आहे. भांड्याच्या तळाशी राहिलेलं अर्धा कप पाणी तसंच कुकरात गेलं तर पुढचं सगळं माप चुकतं. कच्चा बासमती असेल तर २० मिनिटं भिजवणं पुरे.

सॉसेजच्या अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा. कुकरमध्ये एक चमचा तेल मध्यम आचेवर तापवून त्या पाच-सहा मिनिटं परता, कडा गडद तांबूस होईपर्यंत. चकत्या काढून ठेवा, सुटलेली चरबी कुकरातच राहू द्या.

चिकन कागदाने किंवा स्वच्छ फडक्याने टिपून अगदी कोरडं करा. अर्धा मसाला आणि थोडं मीठ चोळा. उरलेलं तेल घालून आच वाढवा आणि तुकडे दोन खेपांत परता. कुकरचा तळ अरुंद असतो, सगळे तुकडे एकदम टाकले की पाणी सुटतं आणि चिकन स्वतःच्या रसात उकडतं. तुकडा ठेवला की तीन-चार मिनिटं हलवू नका. रंग आला की तो आपणहून तळ सोडतो. उलटून दुसरी बाजू तशीच करा आणि काढून ठेवा. आत कच्चं राहिलं तर हरकत नाही, ते पुढे शिजणार आहे. मसाला करपल्यासारखा वाटला तर आच थोडी उतरवा. तळ गडद तपकिरी हवा, काळा नको. काळं झालं तर कडवटपणा सगळ्या भातात उतरतो आणि मग तो कशानेच जात नाही, तेव्हा कुकर धुऊन नव्या तेलात कांदा सुरू केलेला बरा.

आता कांदा, एकटाच. बारीक चिरून मध्यम आचेवर टाका आणि चिमूटभर मीठ घाला. पहिल्या पाच मिनिटांत कांद्याला सुटलेल्या पाण्याने तळाचा थर सैल होतो, तो लाकडी कालथ्याने खरवडून कांद्यात मिसळा. मग कांदा स्वतः तळाला धरू लागेल. धरू द्या. थर तांबूस-तपकिरी झाला की दोन चमचे स्टॉक शिंपडा, खरवडा, मिसळा. पाणी आटलं की पुन्हा धरू द्या आणि पुन्हा खरवडा. असं तीन-चारदा करा. साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. कांदा चिंचेच्या कोळासारखा गडद आणि लगदा झाला की थांबा. आपल्या रश्श्यांसाठी कांदा गुलाबीसर परतण्याची सवय असते, इथे तिच्या बरंच पुढे जायचं आहे. घाईच्या दिवशी कृतीत कुठे वेळ वाचवायचा असेल तर चिकनच्या एका बाजूवर वाचवा, पण कांद्यावर नको.

ढोबळी मिरची आणि सेलरी घालून पाच मिनिटं परता. ठेचलेला लसूण मिनिटभर, उरलेला मसाला अर्धा मिनिट.

उरलेला स्टॉक घाला. कांद्यावर शिंपडलेला स्टॉकही पावणेतीन कपांतलाच धरायचा, पण त्यातला बराच आटून गेलेला असतो. म्हणून या वेळी अडीच कपांच्या आसपास द्रव जात असेल तर ते बरोबर आहे. चिकन, भाज्या यांचंही पाणी सुटणार असतं, त्यामुळे नेहमीच्या भाताच्या मापापेक्षा हे कमी दिसेल. घाबरून वाढवू नका. कच्च्या बासमतीला एकूण सव्वादोन कप पुरे.

आता कालथ्याने तळाचा कोपरान् कोपरा खरवडा. तळ हाताला गुळगुळीत लागला पाहिजे. इथे राहिलेला थर झाकणाखाली नक्की करपतो. सॉसेज आणि चिकन परत घाला, उकळी येऊ द्या आणि रस चाखा. तो नुसता प्यायला किंचित खारट वाटला पाहिजे, कारण तांदळात अजून मीठ नाही. याच क्षणी चव दुरुस्त करता येते, झाकण लागल्यावर नाही.

उकळत्या रसात तांदूळ घाला, एकदाच हलवा, पृष्ठभाग सपाट करा. तांदूळ जेमतेम बुडालेला दिसेल. कुकर अर्ध्याहून जास्त भरलेला नसावा. भात फुगतो आणि फेस वर येऊन वाफेची नळी बुजू शकते, म्हणून कुकर बनवणाऱ्या कंपन्याही भात-डाळींसाठी हीच मर्यादा घालतात. दुप्पट माणसं असतील तर मोठा कुकर घ्या, पाचाच्या कुकरात दाबून भरू नका. रिंग नीट बसली आहे, नळीतून आरपार दिसतं आहे, हे पाहून झाकण लावा.

मध्यम आचेवर एक शिट्टी होऊ द्या. लगेच आच अगदी मंद करून पाच मिनिटं ठेवा आणि गॅस बंद करा. कच्च्या बासमतीला शिट्टीनंतर दोनच मिनिटं. मग वाफ आपणहून जिरू द्या, दहा-बारा मिनिटं लागतील. शिट्टी उचलून वाफ सोडायचा मोह आवरा. दाब एकदम उतरला की आतला रस उसळतो, दाणे फुटतात आणि वरचा भात चिकट होतो. शिवाय या दहा मिनिटांत भात शिजणं पूर्ण होत असतं. कुकरचा तळ पातळ स्टीलचा असेल तर मंद आचेच्या वेळी खाली तवा सरकवा.

विजेवर चालणारं प्रेशर पॉट वापरत असाल तर परतणं त्याच्या सोते सेटिंगवर होतं, पण तळ हळू तापतो, थोडा धीर लागतो. त्यात वाफ जवळजवळ बाहेर जातच नाही, म्हणून स्टॉक पाव कप कमी घ्या. तांदूळ वरून पसरा आणि हलवू नका, नुसता दाबून रसाखाली न्या. हाय प्रेशरवर सेल्याला ६ मिनिटं, कच्च्या बासमतीला ४, आणि नंतर १० मिनिटं तसंच. पडद्यावर बर्नची सूचना आली तर समजा तळ पुरता खरवडला गेला नव्हता: बंद करा, दाब उतरू द्या, उघडून तळ सोडवा, दोन-तीन चमचे स्टॉक घालून पुन्हा लावा.

झाकण उघडल्यावर लगेच ढवळू नका. दोन-तीन मिनिटं वाफ जाऊ द्या, मग काट्याने कडेकडेने भात उकलत मध्यावर या. चिरलेली पात आणि पार्सली मिसळून पाच मिनिटं झाकून ठेवा. तळाला थोडी तांबूस खरवड लागली असेल तर ती मिळवणाऱ्याचं नशीब चांगलं.

बिघडलं तर

भात ओला दिसला तर आधी पाच मिनिटं उघडा ठेवा, बराचसा रस दाणा पिऊन घेतो. तरीही ओला असेल तर तव्यावर कुकर ठेवून, झाकण न लावता, मंद आचेवर पाच-सात मिनिटं. ढवळायचं नाही. दाण्यात कणी राहिली तर पाव कप उकळता स्टॉक कडेने सोडा, वर ताट झाका आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटं ठेवा. पुन्हा शिट्टी काढू नका. करपल्याचा वास आला तर तळाला हात न लावता वरचा भात दुसऱ्या भांड्यात काढा.

गावरान कोंबडी, कोळंबी आणि शाकाहारी मंडळी

जुन्या पद्धतीचा जंबलाया अंडी देऊन थकलेल्या कोंबडीचा असायचा. तिचं मांस चिवट, पण चवीला खोल, आणि शिजायला तासन्‌तास. कुकरचा खरा उपयोग इथे आहे. गावरान कोंबडी हाडांसकट आणली तर तुकडे वर सांगितल्याप्रमाणे परतून घ्या, साडेतीन कप पाणी आणि मीठ घालून चार-पाच शिट्ट्या काढा, मांस हाडांवरून सोडवा. जे पाणी उरेल तोच स्टॉक. त्याच्यापुढे विकतचा स्टॉक काहीच नाही.

कोळंबी कधीही दाबाखाली शिजवू नका, ती आखडून रबरासारखी होते. सोललेल्या कोळंबीला थोडा मसाला लावून वेगळ्या पॅनमध्ये दोन-तीन मिनिटं परता आणि झाकण उघडल्यावर गरम भातात मिसळून पाच मिनिटं झाका.

मांसाशिवायचा जंबलाया लुईझियानाच्या परंपरेतला नाही, पण कृती शाकाहारालाही न्याय देते. ४०० ग्रॅम मश्रूम मोठे तुकडे करून, मोठ्या आचेवर, पाणी पूर्ण आटून कडा तपकिरी होईपर्यंत परता. कांदा तसाच गडद करा, स्मोक्ड पाप्रिका घालाच, आणि शेवटी धुरी द्या. शिजवलेला राजमा एक कप घातला तर पोटभरीचं होतं. द्रव एकूण अडीच कप.

वाढताना आणि उरला तर

सोबत काकडी-कोबीची साधी कोशिंबीर, दह्याविना, लिंबू पिळून. टेबलावर व्हिनेगरची आंबट-तिखट हॉट सॉसची बाटली असू द्या, ज्याला हवी त्याने घ्यावी.

उरलेला भात कुकरात तसाच रात्रभर ठेवू नका. शिजलेल्या भातात राहिलेले काही जिवाणू खोलीच्या तापमानाला वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. पसरट ताटात काढून लवकर निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी चमचाभर पाणी शिंपडून, झाकण ठेवून, जाड तळाच्या पॅनमध्ये चांगली वाफ येईपर्यंत गरम करा. कोळंबी घातली असेल तर ती आधी वेचून बाजूला ठेवा आणि शेवटच्या मिनिटाला परत घालून तीही वाफाळेपर्यंत गरम होऊ द्या.